टोमॅटोला आधार लावणीच्या दिवशीच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गच्चीवरील बागेविषयीच्या लेखनात माती, खत आणि कीड यांची सविस्तर चर्चा असते. रोपाच्या आधाराचा विषय मात्र एका ओळीत उरकला जातो. रोप कलंडू लागले की काठी शोधायची, ही आपली सवय. पण तोवर मुळे कुंडीभर पसरलेली असतात आणि काठीचे टोक नेमके त्यांतूनच घुसते. म्हणून पाच फुटी बांबू रोप लावतानाच रोवावा.

बांधण्यासाठी नायलॉनची दोरी टाळावी, कारण खोड जाड होताच ती सालीत रुतते. जुन्या सुती साडीची दोन बोटे रुंद पट्टी इंग्रजी आठच्या आकारात, एक वेढा काठीला घट्ट आणि दुसरा खोडाला सैल, अशी बांधली म्हणजे वाऱ्यात खोड काठीवर घासत नाही. (आमच्याकडे एका नऊवारीवर तीन हंगाम निघाले.) चेरी टोमॅटोच्या सतत वाढणाऱ्या जातींना शेंडा वाढेल तशी नवी गाठ लागते, ठेंगण्या जातींना एक काठी पुरते.

कारली, दोडका, काकडी यांचे तंत्र निराळे. त्यांचे तणावे स्वतःच पकड घेतात, परंतु जाड बांबूला वेढा घालणे त्यांना जमत नाही; त्यांना सुतळीची जाळीच बांधून द्यावी.

आपली,
एक वाचक, पुणे