उद्याच्या भाजीच्या टेम्पोबद्दल सूचना (कोरोना लॉकडाऊनच्या काळातली)

नमस्कार मंडळी, उद्या सकाळी ७ ला भाजीचा टेम्पो गेटबाहेर उभा राहील, ए विंग आधी, मग बी, आणि प्लीज घरटी एकच माणूस, मास्क लावून, स्वतःची पिशवी आणि सुट्टे पैसे घेऊन या, नाहीतर जीपे करा. मागच्या वेळी टोमॅटो दाबून दाबून बघत होते सगळे, तसं नको, हात लावला की तो घ्यायचा.

आता भाजी धुण्याचं. कोरोनामुळे भाजी कशी धुवायची याबद्दल ग्रुपवर रोज नवीन फॉरवर्ड येतंय, पण साबण, सर्फ, डेटॉल यात भाजी धुवू नका, ते पोटात जातं. मी स्वतः लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात मेथी साबणाच्या पाण्यात बुडवली होती, चार पाण्यातून काढली तरी फोडणीत टाकल्यावर तोच वास, सासूबाई काही बोलल्या नाहीत फक्त ताट सरकवलं. वाहत्या नळाखाली नीट चोळून धुतली की झालं, एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) पण साबण नकोच म्हटलंय. कांदे बटाटे आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, ओले राहिले की सडतात, चिरताना धुवा. दुधाची पिशवी मात्र बाहेरून साबणाने धुवून पुसून फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल, कापण्याआधी हातही धुवा. आणि सॅनिटायझर लावून लगेच गॅस पेटवू नका, त्यात अल्कोहोल असतं, भडका उडतो.

ज्येष्ठांनी खाली येऊ नका, यादी रात्री ९ पर्यंत मला पाठवा, पोरं दारात पिशवी ठेवतील.