आजी, तू पुढे बस ना

सांगली,
फेब्रुवारी 2026

चि. अजयास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. फोनवर तेवढंच सांगून ठेवला, कारण पुढे बोलले असते तर पुन्हा शनिवारच्या रात्रीसारखं झालं असतं. तू आवाज चढवणार, माझ्या डोळ्यांना पाणी येणार आणि स्नेहल बिचारी मध्ये ताटं घेऊन उभी. पत्रात निदान तुला मधेच "आई, तुला यातलं काही कळत नाही" म्हणता येत नाही.

मनूच्या पोटाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले काही नाही. विषय संपला.

आधी चांगलं सांगते. पोर खेळते छान. त्या उंच मुलीला तिनं मारलेला कव्हर ड्राइव्ह मला अजून दिसतो. अण्णांबरोबर संसार केलाय, कव्हर ड्राइव्ह न कळून कसं चालेल! इथे आल्या आल्या देवळात लेले वहिनींना सांगूनही झालं, आमची मनू ओपनिंगला जाते म्हणून. त्यांनी विचारलं, आपल्या सांगलीच्या स्मृती मंधानासारखी का? मी म्हटलं, हो. सांगलीत दुसरं कोण काय विचारणार?

पण स्मृतीचं एक तुला सांगायचं आहे. ती नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालच्या संघात होती, हे तू चार दिवसांत मला इतक्यांदा ऐकवलंस की मला वाटलं मीच निवड समितीत होते. मान्य. 2013 मध्ये बडोद्याला तिनं 150 चेंडूंत नाबाद 224 केल्या, तेव्हा अण्णांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. पुरात गेलं ते. स्मृती मूळची उजव्या हाताची आणि फलंदाजी डावखुरी, हेही मला माहीत आहे. म्हणून तू मनूलाही डावीकडे वळवलंस. पोर पेन्सिल उजव्या हातात धरते, पोळी उजव्या हातानं तोडते आणि बॅट घेतली की उलटी उभी राहते.

दिवाळीत इथे आली होती तेव्हाचं तुला सांगितलं नव्हतं. मागच्या अंगणात जोशांची दोन्ही पोरं आणि ती, प्लास्टिकची बॅट घेऊन संध्याकाळभर खेळायची. उजव्या हातानं. आऊट झाली की "नो बॉल होता" म्हणून भांडायची, मोठ्यानं हसायची, आणि चेंडू पत्र्यावर गेला की तीच सगळ्यांच्या आधी शिडीकडे पळायची. तुझा व्हिडीओ कॉल आला आणि मी फोन अंगणाकडे वळवला, तर बघते तो काय, पोर गपचूप डावीकडे जाऊन उभी राहिली. तू फोन ठेवल्यावर परत उजवीकडे. तुझं काहीच चुकलं नव्हतं, तू नुसता "काय चाललंय" विचारत होतास. तरीही तिनं ते केलं.

आता रविवारच्या मॅचचं. प्रत्येक चेंडूनंतर ती आधी तुझ्याकडे बघत होती. चेंडू कुठे गेला ते नंतर. तू सीमारेषेवरून "पाय, पाय! डोकं खाली!" ओरडत तिच्याबरोबर अर्धी बाऊंड्री फिरलास. कोच सर दोनदा म्हणाले, "सर, इकडे सावलीत बसा," आणि तू हसून टाळलंस. चार धावांवर ती बाद झाली. पॅड सोडताना माझ्याजवळ आली, मला वाटलं रडेल. पण नाही. कानात म्हणाली, "आजी, जाताना गाडीत तू पुढे बस ना." मला आधी कळलंच नाही. मग तू गाडीत प्रत्येक सिग्नलला मोबाइल मागे धरून "हे बघ, इथे तुझा पाय कुठे आहे" सुरू केलंस, तेव्हा कळलं. पुढे बसली असती तर सिग्नलची वाट बघायलाही लागली नसती.

थालीपीठ तसंच्या तसं डब्यात होतं. तिच्या उजव्या करंगळीचं नख काळं पडलंय. "बाबांना सांगू नको," म्हणाली. सांगणार नव्हते, आता सांगून टाकलं. पण तू तिच्याजवळ मी सांगितल्याचं बोलू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी मलाही सांगायची नाही.

तुझा हेतू वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. 2 नोव्हेंबरच्या रात्री डी. वाय. पाटीलवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतनं मागे पळत तो शेवटचा झेल घेतला, तेव्हा तू मला बारा वाजून गेल्यावर फोन केलास. तू रडत होतास. मीही रडले. आपल्या मुलींना एवढं मोठं मैदान, एवढी गर्दी, हे बघायला अण्णा हवे होते. पण दुसऱ्याच दिवशी मनूचा पोहण्याचा क्लास बंद, खो-खो बंद, सकाळी साडेपाचला नेट. उपांत्य सामन्यात 127 काढणारी ती जेमिमा लहानपणी हॉकी खेळायची रे, महाराष्ट्राच्या 17 वर्षांखालच्या संघात होती. तिचं काय अडलं?

आणि तो महिला प्रीमियर लीगचा लिलाव. स्मृतीला 2023 मध्ये 3 कोटी 40 लाख मिळाले, हे आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. पण मी जन्मभर गणित शिकवलंय, तेव्हा ऐक. त्या लीगमध्ये संघ पाच. एका संघात जास्तीत जास्त 18 जणी. त्यांतल्या साधारण सहा परदेशी. राहिल्या बारा. बारा पंचे साठ. सगळ्या देशातून साठ मुली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी पुढच्या वर्षीही तिथेच असतात, दरवर्षी साठ जागा मोकळ्या होत नाहीत. तू मनूच्या दहाव्या वर्षी या साठात उभं राहायला तिला पळवतोस. दहावीचे क्रीडागुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, सगळं तू मला कागदावर मांडून दाखवलंस. कागद छान होता. त्यात शनिवारी सकाळी पोर संडासात जाऊन का बसते, एवढंच नव्हतं.

बघ, आलाच विषय. शिवाय वर्गात बोलल्यासारखं झालं. फळ्यासमोर उभी राहायची सवय जात नाही माझी, राग मानू नकोस.

शनिवारी रात्री तू म्हणालास, "अण्णांनी माझ्यात थोडं लक्ष घातलं असतं तर मी आज कुठे असतो." त्यावर मी तिथे काही बोलले नाही. इथे येईपर्यंत गाडीत तेच डोक्यात होतं.

अण्णा तुझ्या मॅचला यायचे तेव्हा रसाच्या गाड्यापाशी पेपर घेऊन बसायचे, हे खरं. तुला वाटायचं ते बघतच नाहीत. घरी आल्यावर मी भाकरी थापत असायचे आणि ते उंबऱ्यावर बसून मला ओव्हर न् ओव्हर सांगायचे. तुझ्या चौदा वर्षांखालच्या जिल्हा निवडीच्या दिवशी मला म्हणाले, "पोराचा गुगली झकास पडतो, पण मनगट आधीच दिसतं. फलंदाजाला कळतं." मी म्हटलं, मग त्याला सांगा की. म्हणाले, "विचारेल तेव्हा सांगेन." त्या यादीत तुझं नाव नव्हतं. तू आणि बंड्या घरी न येता परस्पर घाटावर पोहायला गेलात, अंधार पडेपर्यंत पत्ता नाही, आणि अण्णा आयर्विन पुलापर्यंत सायकलवर जाऊन आले. तुला सापडल्यावर बोलले का काही? भडंग खाऊ घातलं दोघांना. दुसऱ्या दिवशी चार वाजता तू पुन्हा मैदानावर होतास. वालचंद कॉलेजला जाईपर्यंत एक संध्याकाळ चुकवली नाहीस, आणि आजही रविवारी ऑफिसच्या पोरांबरोबर टेनिस बॉलनं खेळतोस, गुडघ्याला पट्टा बांधून. मनगटाचं तू त्यांना कधी विचारलं नाहीस.

त्यांचं बरोबरच होतं असं मी म्हणत नाही. सांगायला हवं होतं, असं मलाही कधीकधी वाटतं. सांगितलं असतं तर तू रणजी खेळला असतास की त्या वर्षीच बॅट माळ्यावर टाकली असतीस, ते मला कळायला मार्ग नाही. तुलाही नाही. पण ते ओझं मनूच्या किटबॅगेत भरू नकोस. ती बॅग आधीच तिच्या कमरेपर्यंत येते.

कल्याणचा प्रणव धनावडे आठवतो? 2016 च्या जानेवारीत शाळेच्या मॅचमध्ये नाबाद 1009. आपल्याकडे पेढे वाटल्यासारखा आनंद. वडील रिक्षा चालवायचे. मुंबईच्या क्रिकेट असोसिएशननं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी मुलाचा खेळ मनासारखा होत नाही, म्हणून वडिलांनी आपण होऊन पत्र लिहिलं, की ही रक्कम थांबवा. तेव्हा लोक धावांबद्दलच बोलत राहिले. माझ्या मनात मात्र ते पत्र राहिलंय. रिक्षा चालवणाऱ्या घरात दहा हजार म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तू क्रिकेट बंद कर असं मी म्हणत नाही, उगीच स्नेहलला तसं सांगू नकोस. मॅच असेल तेव्हा कोच सर सांगतात तिथे सावलीत बस, आणि गाडीत मोबाइल स्नेहलकडे दे. डाव्या-उजव्याचं तिलाच विचार, पण मी सुचवलं म्हणून नको. आणि शनिवारी पोट दुखतं म्हणाली तर नाटकं म्हणू नकोस. डॉक्टरांना सोनोग्राफीत दिसत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. विट्याच्या आत्याचं आपण तेच म्हणत होतो, पुढे काय झालं ते आठव. घाबरवत नाही, पण आठव.

परीक्षा संपली की तिला इथे पाठव. एकटी नको, बंड्याची सून त्याच सुमारास येणार आहे. जोशांची पोरं आतापासून विचारताहेत. रोजचा सराव किती झाला ते विचारायला फोन करू नकोस, जेवली का ते विचारायला कर. कोयना नाहीतर महालक्ष्मी, कोणतीही बघ, पण तिकिटं याच आठवड्यात काढ, सुट्टीत पुण्याहून जागा मिळत नाही. आणि रात्रीची महालक्ष्मी असेल तर खालचा बर्थ घे, वरून उतरताना तिचं नख पुन्हा लागेल.

तुझी,
आई