सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याबाबत (पत्र तिसरे)

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, ठाणे (प.)

महोदय, स. न. वि. वि.

आधीची दोन पत्रं सचिवसाहेबांच्या हातात दिली होती. पोच मिळाली नाही. म्हणून हे थेट आपल्याला.

गेल्या रविवारी बी विंगमागच्या सेप्टिक टँकचं झाकण उघडलं आणि दहा मिनिटांत ठेकेदाराचा विशी-बाविशीतला पोरगा आत. दोर होता, पण बादलीला. मी गॅलरीतून ओरडलो, तर सचिवसाहेब म्हणतात, "काका, वास गेलाय आता."

वास गेला की जास्त भ्यायचं असतं! ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपनीत मी ३१ वर्षं काढली. अशा टँकमध्ये साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला आधी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. आमच्याकडे रिकाम्या टाकीतसुद्धा परमिटवर सही, मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, हवा खेळवणारा ब्लोअर चालू, अंगावर हार्नेस आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस, ज्याने काही झालं तरी आत उडी मारायची नाही, एवढं झाल्याशिवाय कुणी पाय घालत नसे. इथे ठेकेदाराने काडी पेटवून आत टाकली. पेट घेणारा मिथेन वायू साठलेला असता, तर बी विंगच्या पार्किंगचा वाद कायमचा मिटला असता.

२०१९ च्या मे महिन्यात इथे ढोकाळीत एका सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) तीन कामगार गुदमरून गेले. लांबची गोष्ट नाही. साधनं न देता माणूस उतरवणं, हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आपल्या सिंकिंग फंडात किती आहेत, हे खजिनदारांना विचारा.

सी विंगचे बहुतेक सभासद माझ्या मताचे आहेत. सही मागितली की त्यांना दूध उतू गेल्याचं आठवतं, ती गोष्ट निराळी.

गेल्या वर्षी गच्चीवरच्या टाकीच्या वेळीही मी हेच बोललो होतो. उत्तरादाखल, सेप्टिक टँकच्या झाकणावर कुंड्या ठेवल्याची नोटीस मला आली! कुंड्या आहेत, नाकारत नाही. पण कुंडीने आजवर कुणी गुदमरलेलं नाही.

मागणी एकच. यापुढे पाइपने मैला ओढणारी सक्शन गाडी बोलवा. सचिवसाहेबांना ती महाग वाटत असेल, तर पुढच्या वेळी टँकच्या तोंडाशी त्यांनी स्वतः उभं राहावं आणि वास गेल्याचं लेखी द्यावं.

कुंड्या उद्या हलवतो. नोटिशीमुळे नव्हे, गाडीचा पाइप आत जावा म्हणून.

आपला,
सभासद, सी-१०३

ता. क. पोच घेतल्याशिवाय मी ऑफिसातून उठणार नाही.