निकालाच्या आठवड्यातल्या त्या दोघांचे आभार

दहावीच्या निकालानंतर एका मुलाने "माझी आता कुणाला गरज नाही" असा मेसेज टाकला. समवयस्क आधारगटातल्या ज्या दोघांनी तो वाचला, त्यांचे आम्हा समुपदेशकांकडून मनापासून आभार. नावं देऊ नका, असं त्यांचंच म्हणणं.

त्यांनी उपदेश केला नाही. एकाने सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने ते डोक्यात भरतं ही मोठ्यांची भीती खोटी आहे, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. "कुणाला सांगू नकोस" ही त्याची अट मात्र त्यांनी मान्य केली नाही. "हे आपल्याला एकट्याने पेलणार नाही. समुपदेशक ताईंना सांगू, पण मी सोबत असेन." दुसरीने तोवर आम्हाला फोन लावला होता. आई येईपर्यंत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पहिला त्या मुलाला चिकटून बसला, एक वडापाव दोघांत. मग १४४१६ वर, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावून दिला. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी फक्त "जेवलास का?" विचारलं. पहिली धावपळ सरली की नेमकं हेच राहून जातं. पोरांनो, तुम्ही ते आजही विचारताय, त्याबद्दल वेगळे आभार.