काळी बियर म्हणजे स्ट्राँग बियर नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत बियरवर लेख आला होता, बाकी चांगला होता पण काळ्या बियरबद्दल ज्या दोनतीन ओळी होत्या त्या वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. काळी बियर लय स्ट्राँग असते, पोटाला जड असते, आणि वर तिच्यात लोह असतं म्हणून रक्त वाढतं, असं सगळं एका दमात लिहून टाकलंय.

मी सहा वर्षं आयर्लंडला कॉर्कमध्ये राहतो, औषधाच्या फॅक्टरीत कामाला आहे. या गावाच्या स्वतःच्या दोन काळ्या बियर आहेत, बीमिश (1792) आणि मर्फीज (1856), आणि डब्लिनची 1759 ची गिनेस तर जगाला माहीत आहे. तिन्ही ड्राफ्ट स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या, नळातून ओततात त्या काळ्या बियर, साधारण 4 ते 4.3 टक्के अल्कोहोलच्या. आपल्याकडे स्ट्राँग म्हणून जी पिवळीधमक बियर खपते ती 8 टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे जवळपास दुप्पट! मग स्ट्राँग कोण?

रंगाचं म्हणाल तर ज्याच्या घरी थालीपीठाची भाजणी होते त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. धान्य किती भाजलं यावर सगळं आहे. बियरचं बरंचसं धान्य फिकटच असतं, त्यात थोडंसं सातू कॉफीच्या बियांसारखं काळं होईस्तोवर भाजून घालतात, तेवढ्यानं अख्खी बियर काळी दिसते. खरं तर काळीपण नाही, ग्लास उजेडासमोर धरा, कडेला गडद लाल दिसेल.

आणि जड का वाटते? ड्राफ्ट स्टाउटमध्ये कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन असतो, तो द्रवात फारसा विरघळत नाही त्यामुळं बुडबुडे एकदम बारीक होतात, फेस सायीसारखा बसतो आणि जिभेला फसफस लागत नाही, म्हणून दाट वाटतं. पोटात तसं काही जड जात नाही. गिनेसच्या कॅनमध्ये जो छोटा प्लॅस्टिकचा गोळा खुळखुळतो तो याच फेसासाठी असतो.

तिन्ही एकत्र चाखून बघायचा नाद मला इथल्या एका शेजारी काकांनी लावला. लहान ग्लास घ्यायचे, कुठल्या ग्लासात काय हे दुसऱ्यानं ओतायचं आणि आपल्याला सांगायचं नाही. एकदम बर्फगार नको, फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, थंडीनं जीभ बधिर झाली की सगळं सारखंच लागतं. आधी वास, मग घोट, मधे साधं पाणी. सोबत शेव-चिवडा नको, तिखटानं कडवटपणा भलताच वाढतो. मला गिनेस सगळ्यात कोरडी लागते, शेवटी जरा आंबट झाक आणि करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडवटपणा. मर्फीज मऊ, कमी कडू, दुधाच्या कॉफीकडे झुकणारी. बीमिशमध्ये डार्क चॉकलेट आणि भाजकेपणा दोन्ही ठसठशीत, माझी आवडती तीच. गंमत म्हणजे बीमिशची जुनी ब्रुअरी 2009 ला बंद झाली आणि तेव्हापासून ती मर्फीजच्याच ब्रुअरीत बनते, एकाच छताखाली बनून दोघींची चव इतकी वेगळी, म्हणजे रेसिपीत किती काही असतं बघा.

स्ट्राँग काळ्या बियर नसतातच असं नाही म्हणत मी. गिनेसचीच फॉरेन एक्स्ट्रा 7.5 टक्के आहे, श्रीलंकेची लायन स्टाउट 8.8. उलट जर्मनीची कोस्ट्रित्सर काळीकुट्ट दिसते पण ती लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बियर आहे, 4.8 टक्के, प्यायला अगदी हलकी. या सगळ्यांना काळी बियर म्हणून एका माळेत ओवणं म्हणजे बासमती आणि इंद्रायणीला नुसतं पांढरा तांदूळ म्हणण्यासारखं आहे.

लोहाचं तर कृपा करून छापू नका. जुन्या जाहिरातींमुळं तो समज पसरलाय, पाइंटमध्ये (बियरच्या मोठ्या ग्लासात) लोह अगदी नगण्य असतं. माझ्या नात्यातल्या एका बाईंना बाळंतपणानंतर कुणीतरी हाच सल्ला दिला होता, हिमोग्लोबिन कमी असताना असं काही ऐकून औषध टाळलं तर केवढ्याला पडेल.

पुढच्या वेळी बियरवर लेख छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढं अल्कोहोलचे टक्के तेवढे द्या, आणि लोहाबद्दलचा खुलासा जमल्यास याच रविवारी छापा.

– तुमचा एक नियमित वाचक, कॉर्क, आयर्लंड