पटाशेजारची पट्टी आणि टोरांटोमधला हत्ती

टोरांटो

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही जो प्रश्न विचारलात, त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 साली महिला विश्वचषक जिंकल्यापासून तुम्ही तिचे डाव मोबाइलवर पाहता आणि पटाच्या शेजारी, संगणकाच्या मते कोण वरचढ आहे ते दाखवणारी जी काळी-पांढरी पट्टी वरखाली होत असते, तिचा तुम्हाला राग येतो. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पाहत वाढलेल्या माणसाला तो यावा, हे मी समजू शकते. "खेळणारी घाम गाळते आहे आणि ही पट्टी कुणाच्या जिवावर निकाल सांगते?" असे तुम्ही विचारलेत. त्याचे उत्तर आजच्या मोबाइलमध्ये शोधण्यापेक्षा पन्नास वर्षांपूर्वी संगणक जेव्हा पहिल्यांदा एकमेकांशी खेळू लागले, त्या स्पर्धांमध्ये शोधलेले बरे, कारण पट्टीचा स्वभाव तेव्हाच ठरून गेला आहे. आणि आई, "संगणक समोरासमोर बसून खेळतात तरी कसे?" या तुझ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच मिळते.

संगणक समोरासमोर बसतच नसत. 1970 साली न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात, संगणकतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनाचा भाग म्हणून, अमेरिकेतली अशी पहिली स्पर्धा झाली आणि तीत सहा प्रोग्रॅम उतरले. त्यांपैकी एकाचाच संगणक प्रत्यक्ष दालनात आणलेला होता. बाकीचे आपापल्या विद्यापीठांत किंवा कंपन्यांत, शेकडो मैलांवर, खोल्याच्या खोल्या अडवून बसलेले होते. पटाशी माणसे बसत. समोरच्याची खेळी टाइप करून किंवा टेलिफोनवरून आपल्या यंत्राकडे पाठवत, यंत्राने दिलेले उत्तर पटावर मांडत आणि घड्याळाची कळ दाबत. पटावरच्या माणसाला स्वतःच्या अकलेने एक प्यादेही हलवण्याची मुभा नव्हती. आपल्या प्रोग्रॅमने हातचा डाव घालवलेला दिसत असूनही तोंड मिटून ती खेळी मांडायची, ही शिक्षा त्यांतल्या बहुतेकांनी भोगली आहे. ती स्पर्धा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 'चेस 3.0' ने तिन्ही डाव जिंकून खिशात घातली. डेव्हिड स्लेट, लॅरी अ‍ॅटकिन आणि कीथ गोरलेन हे त्याचे कर्ते.

पुढच्याच वर्षी शिकागोच्या स्पर्धेत जे घडले, ते आई, खास तुझ्यासाठी सांगते. 'कोको' नावाच्या प्रोग्रॅमला 'जिनी' या प्रतिस्पर्ध्यावर एका खेळीत मात करता येत होती. त्याने ती केली नाही. पुढच्या खेळीतही मात होती. तीही केली नाही, आपला राजाच इकडून तिकडे हलवत राहिला. ताट वाढलेले, भात निवत चाललेला, आणि पाहुणा ओसरीवर येरझाऱ्या घालतो आहे, असा तो प्रकार. झाले असे होते की मात दिसली की त्या स्थितीला सर्वांत जास्त गुण द्यायचे, एवढेच कोकोला शिकवलेले होते. आत्ताची मात ही दोन खेळ्यांनंतरच्या मातेपेक्षा बरी, हे कुणी सांगितलेच नव्हते. त्याच्या लेखी दोन्ही वाटा सारख्याच जिंकणाऱ्या होत्या आणि तो दरवेळी लांबची निवडत होता. तेवढ्यात जिनीचे प्यादे शेवटच्या घरात पोचून त्याचा वजीर झाला आणि कोको तो डाव हरला. माणसाला जे सांगावेच लागत नाही, ते यंत्राला आकड्यात लिहून द्यावे लागते, हे माझ्या व्यवसायात आम्ही रोज अनुभवतो. पण इतके ठसठशीत उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

आता पट्टीमागच्या आकड्याकडे वळते. कोणत्याही मधल्या स्थितीत खेळणाऱ्याला साधारण पस्तीस खेळ्या उपलब्ध असतात असे धरले, आणि दोन्ही बाजूंच्या तीन-तीन खेळ्या पुढे पाहायचे ठरवले, तर सुमारे 180 कोटी शक्यता होतात. त्या काळच्या संगणकाला हे झेपणे शक्यच नव्हते. त्यावर एक युक्ती होती आणि ती आजही वापरात आहे. समजा, तुम्ही एक खेळी तपासत आहात आणि तिच्यावर समोरच्याकडे एक जबरदस्त उत्तर आहे हे दिसले. मग त्या खेळीवरची बाकीची चौतीस उत्तरे पाहण्यात वेळ कशाला घालवायचा? ती खेळी तिथेच बाद. चांगल्या खेळ्या आधी तपासल्या गेल्या, तर याच युक्तीने 180 कोटींचे काम लाखाच्या आत येते. मात्र ही युक्ती एका गृहीतकावर उभी आहे, आणि बाबा, ते तुम्ही लक्षात ठेवा: समोरच्याला ते जबरदस्त उत्तर सापडणारच. जे मला दिसते ते त्याला दिसते, आणि तो नेहमी माझ्या सर्वांत तोट्याची खेळीच करणार. प्रतिस्पर्धी दमला आहे का, घाबरला आहे का, त्याच्या घड्याळात किती मिनिटे उरली आहेत, या गोष्टींना त्या हिशेबात जागाच नाही.

याच हिशेबाच्या जोरावर 1974 च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. (त्याच वर्षी आपल्याकडे महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि वासंती खाडिलकर विजेत्या ठरल्या.) आठ देशांचे तेरा प्रोग्रॅम, स्विस पद्धतीच्या (कुणी बाद होत नाही, साधारण सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात) चार फेऱ्या. सगळ्यांना वाटत होते की अमेरिकेचे 'चेस 4.0', म्हणजे त्या चेस 3.0 चीच पुढची आवृत्ती, जिंकणार. पण दुसऱ्या फेरीत त्याची गाठ 'केऑस' या दुसऱ्या अमेरिकन प्रोग्रॅमशी पडली आणि सोळाव्या खेळीत केऑसने एका प्याद्यासाठी घोडा दिला. यंत्रे हावरट असतात, मोहरे सोडत नाहीत, असा तेव्हाचा समज होता. त्यात त्या बलिदानाचे फळ इतके पुढे होते की ते खेळ्या मोजून दिसण्यासारखे नव्हते. काळ्याचा, म्हणजे चेस 4.0 चा, राजा मधोमध अडकून पडला, त्याचे मोहरे एकमेकांच्या वाटेत आले, आणि दीर्घ डावानंतर केऑस जिंकले.

त्याचा फायदा झाला तो मॉस्कोच्या 'कैसा'ला. कैसाचे कर्ते मिखाईल दोन्स्कोय, व्लादिमीर अर्लाझारोव आणि त्यांचे सहकारी. त्या गटातले एक नाव होते गिओर्गी अडेल्सन-वेल्स्की. बाबा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी जे 'एव्हीएल ट्री' (संगणकात माहिती लावून ठेवण्याची एक रचना) घोकत होते आणि ज्याच्या आकृत्यांनी तुमच्या जुन्या डायऱ्या भरवल्या, त्यातला 'ए' आणि 'व्ही' म्हणजे हेच गृहस्थ. कैसा स्वतः मॉस्कोच्या संस्थेतल्या ब्रिटिश बनावटीच्या संगणकावर चालत होता आणि खेळ्या टेलिफोनने जात-येत होत्या. त्याला सुरुवातीच्या सुमारे दहा हजार खेळ्या पाठ होत्या आणि समोरच्याचे घड्याळ चालू असतानाही तो पुढचा विचार करून ठेवत असे. त्याआधी 1972 मध्ये 'कोमसोमोल्स्काया प्राव्दा' या वर्तमानपत्राच्या वाचकांशी तो दोन डाव खेळला होता. वाचक पत्राने खेळ्या कळवत, बहुमताची खेळी मांडली जाई, आणि एक डाव वाचकांनी जिंकला, एक बरोबरीत सुटला. स्टॉकहोमला मात्र कैसाने चारही डाव जिंकले. चेस 4.0 शी त्याची गाठ पडलीच नाही, म्हणून स्पर्धेनंतर दोघांचा एक डाव लावण्यात आला. तो बरोबरीत सुटला आणि कोण श्रेष्ठ हा वाद तीन वर्षे लांबणीवर पडला.

ती तीन वर्षे संपली ती आमच्या टोरांटोमध्ये, 1977 च्या ऑगस्टमध्ये. या वेळी सोळा प्रोग्रॅम होते आणि प्रेक्षकांत खुद्द मिखाईल बॉटविनिक होते. बॉटविनिक म्हणजे नुसते माजी विश्वविजेते नव्हेत, ते पेशाने विद्युत अभियंताही होते आणि स्वतः एक बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिण्याच्या खटपटीत होते. पहिल्याच फेरीत कैसाची गाठ ड्यूक विद्यापीठाच्या 'डचेस'शी पडली. डाव कैसाला जड जात होता, तरी हरलेला नव्हता. चौतिसाव्या खेळीत डचेसने वजीर पटाच्या कोपऱ्यात नेऊन शेवटच्या रांगेवरून शह दिला. अशा वेळी राजा एक घर पुढे सरकवायचा, हे शाळकरी मुलगाही सांगेल. कैसाने राजा हलवलाच नाही. त्याने आपला हत्ती शहाच्या आड घातला. तो हत्ती वजिराने फुकट मारला.

दालनात हशा पिकला असेल, यात मला शंका नाही, कारण त्या काळचे प्रोग्रॅम अशी एक खोड नेहमी करत. एखादे संकट नजरेच्या टप्प्यात आले, की ते दोन खेळ्या लांबवण्यासाठी हे प्रोग्रॅम आपले मोहरे फेकत सुटत. संकट टप्प्याबाहेर गेले की टळले, अशी त्यांची समजूत. बुद्धिबळपटू आणि संगणकतज्ज्ञ हान्स बर्लिनर यांनी या खोडीला क्षितिजाचा परिणाम असे नाव दिले होते. कैसाने तेच केले, असे जमलेल्या जाणत्या खेळाडूंनी धरले. कैसाच्या कर्त्यांनीही धरले, आणि बॉटविनिक यांनाही त्यात काही वेगळे दिसले नाही. हत्ती गेल्यावर डाव उरलाच नव्हता, डचेस जिंकले.

दुसऱ्या दिवशी कैसाच्या मंडळींनी त्याच स्थितीत यंत्राला विचारले की राजा का हलवला नाहीस. उत्तर आले ते असे. राजा पुढे सरकला असता, तर पांढऱ्याने, म्हणजे डचेसने, आपला वजीर थेट काळ्या राजाशेजारी, मागच्या रांगेत, मारायला ठेवला असता. राजाने तो मारणे भाग. लगेच उंटाचा शह, की राजाला मागच्या रांगेतच सरकावे लागते. मग हत्ती मागच्या रांगेत उतरून शह देतो. काळा वजीर आड येतो आणि मरतो, काळा हत्ती आड येतो आणि मरतो, आणि मात. वजिराचे बलिदान देऊन घेतलेली सक्तीची मात, आणि दालनातल्या एकाही माणसाला ती दिसली नव्हती. हत्ती देणे हाच त्यातून सुटण्याचा एकमेव मार्ग होता.

बाबा, ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि यंत्राची वाहवा करतात. मला ती अर्धीच पटते. कैसाच्या जागी तुम्ही असता आणि ती मात तुम्हाला दिसली असती, तर तुम्ही काय केले असते? मला खात्री आहे, तुम्ही चेहऱ्यावर काही न दाखवता राजा पुढे सरकवला असता. वजीर फेकून मात करायची कल्पना समोरच्याला सुचेलच कशावरून? हत्ती दिला तर डाव नक्की हरणार. राजा हलवला तर हरण्याची शक्यता आहे, पण निभावून जाण्याचीही आहे. हा जुगार कोणताही अनुभवी खेळाडू डोळे झाकून खेळेल. कैसाला तो खेळता येत नव्हता, कारण आपल्याला दिसते ते समोरच्याला दिसतेच, हे त्याच्या हिशेबातले पहिले वाक्य होते. त्याने खेळलेली खेळी पटाच्या दृष्टीने अचूक होती आणि डाव वाचवण्याच्या दृष्टीने निरुपयोगी.

ती स्पर्धा 'चेस 4.6' ने चारही डाव जिंकून घेतली. नंतर कैसाशी झालेला मैत्रीचा डावही त्यानेच जिंकला, म्हणजे स्टॉकहोमची राहिलेली बाकी फिटली.

तुमची ती पट्टी या सगळ्यांची वंशज आहे. तिच्यामागचा प्रोग्रॅम कैसापेक्षा कितीतरी पटींनी खोल पाहतो, स्थितीची किंमत ठरवण्याच्या पद्धतीही पार बदलल्या, पण ते गृहीतक जागेवर आहे. पट्टी खाली घसरते तेव्हा ती एवढेच सांगते की दोन्ही बाजूंनी इथून पुढे निर्दोष खेळ झाला, तर असे होईल. ज्या स्थितीत एकच वाट तारते आणि ती शोधायला दिव्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे दोन मिनिटे आहेत, तिथेही पट्टी शांतपणे 'बरोबरी' दाखवील. त्यामुळे समालोचक पट्टीकडे पाहून "चूक" म्हणाला, तरी तुम्ही लगेच मान डोलवू नका. समोरच्याला ते उत्तर सापडते का, हे पाहा. ते ताडण्यात तुमची नजर पट्टीपेक्षा बरी आहे.

याच्या उलट बाजूची गोष्टही याच शहरात घडली, ती सांगते आणि पुरे करते. स्टॉकहोमच्या स्पर्धेमागे ज्यांची खटपट होती त्यांत डेव्हिड लेव्ही हे एक होते, आणि ते स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर. दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला सामन्यात हरवू शकणार नाही, अशी पैज त्यांनी 1968 मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांच्याशी लावली होती. मुदत संपायच्या सुमारास, 1978 मध्ये, टोरांटोला त्यांचा सामना 'चेस 4.7' शी झाला. समोरच्याची सवय ओळखून लेव्ही मुद्दाम बंदिस्त, संथ डाव खेळले, काही घडूच दिले नाही, आणि करण्याजोगे काही न उरल्यावर यंत्रच आपली बाजू पोकळ करत गेले. एका डावात मात्र लेव्हींनी धारदार, मारामारीचा खेळ करून पाहिला आणि तो नेमका हरले. सामना साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी लेव्हींचा झाला, पैजही त्यांनी जिंकली. त्यांचा तो हरलेला चौथा डाव मी वेगळ्या कागदावर लिहून पाठवत आहे. पट मांडून पाहा आणि लेव्ही कुठे वाहवले ते मला कळवा. मोबाइल तेवढा वेळ आईकडे द्या.

आई, गुडघ्याचे औषध चालू आहे ना, ते बाबांच्या पत्रात नको, तू स्वतः लिही. इथे सर्व क्षेम आहे.

कळावे,
तुमची लेक
मृणाल