दापोलीचा पारा वेगळा, हर्णैचा वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की ‘दापोली गारठली’ ही बातमी आपल्या दैनिकात येतेच. यावीच, गावाचं नाव छापून आलेलं कोणाला नको असतं? पण बातमीसोबत फोटो असतो तो कर्दे नाहीतर मुरूडच्या किनाऱ्याचा, आणि त्यात पर्यटक उघड्या अंगाने लाटांत उभे! हीच का ती गारठलेली दापोली, असं बाहेरच्या वाचकाने विचारलं तर आम्ही काय उत्तर द्यायचं?

दापोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवर आहे. समुद्र आठ-दहा किलोमीटरवर असला तरी घाट उतरून जावं लागतं. आकाश निरभ्र असेल तर रात्री इथली जमीन भराभर निवते, गार हवा सखल भागात साचते आणि पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. त्याच पहाटे पंधराएक किलोमीटरवरच्या हर्णैला मात्र समुद्राच्या उबेमुळे साधी शालही लागत नाही. हर्णैला हवामान खात्याचं केंद्र आहे, दापोलीत कृषी विद्यापीठाचं. दोन्हीकडे रोज नोंद होते. छापून येताना मात्र कधी हा आकडा, कधी तो, आणि पुष्कळदा रत्नागिरी शहराचा आकडा अख्ख्या जिल्ह्याच्या माथी.

पर्यटकाला या आकड्यावरून स्वेटर घ्यायचा की नाही एवढंच ठरवायचं असतं. आमच्याकडे त्यावर वर्षाचा हिशेब असतो. हापूसला मोहर यायला रात्रीची थंडी लागते. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, जमिनीत ओल राहिली, तर झाड मोहराऐवजी पालवी काढून मोकळं होतं. बरं, थंडी जास्त पडली म्हणून आनंदही मानता येत नाही. कडक थंडीत मोहरात नर फुलं वाढतात आणि फळ धरणारी संयुक्त फुलं कमी होतात. त्यातून पहिल्या मोहराला कणी धरलेली असताना जानेवारीत पुन्हा थंडीची लाट आली, की त्याच फांदीवर दुसरा मोहर फुटतो आणि वाटाण्याएवढी, सुपारीएवढी झालेली फळं खाली गळून पडतात. मुंबईत ‘यंदा आंबा उशिरा का?’ म्हणून विचारणाऱ्यांना हा पुनर्मोहर कोणी समजावून सांगत नाही. त्यावर जिबरेलिक आम्ल या संजीवकाची फवारणी विद्यापीठानेच सांगितली आहे, पण ती वेळेवर झाली तरच उपयोग. वेळ कशी कळणार? पाऱ्यावरूनच.

आणि दोन दिवस मळभ आलं की मोहराचा रस शोषणारे तुडतुडे आलेच. मोहरावर नुसता हात फिरवला तरी ते तडतड उडतात, खालची पानं चिकट्याने चकाकू लागतात. अशा दिवसांत आमच्या नाक्यावर सकाळच्या चहाला राजकारण निघत नाही, ‘फवारलंस काय रे?’ एवढंच निघतं.

विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे, त्यामुळे गावाची सकाळही थोडी विद्यापीठाची झाली आहे. विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला आलेली मुलं पहिल्या हिवाळ्यात ‘ही कसली थंडी!’ म्हणून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात. दवाने भिजलेल्या प्रक्षेत्रावर सकाळचं प्रात्यक्षिक झालं की तीच मुलं टपरीवर चुलीच्या बाजूची जागा धरून बसतात. बाजारात लाल माठ आणि मुळ्याच्या जुड्या येतात, कापणी झालेल्या भातखाचरांत ओलीवर पेरलेला वाल वर आलेला असतो, आणि घरोघरी कुळथाच्या पिठल्याचा वास असतो. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात केळसकर नाक्यावर गाड्यांची रांग लागते. तेवढे दिवस आम्ही दूध-भाजी सकाळी लवकरच उरकतो.

हर्णैला थंडीपेक्षा वाऱ्याचा घोर. उत्तरेचा वारा सुटला की होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. एरवी होडीतली मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येते, लिलावाला ही गर्दी. वाऱ्याच्या दिवशी बैलही मोकळे आणि टोपल्याही. इथे दापोलीत बसून आम्हाला ते कळतं ते बाजारातल्या भावावरून. तेव्हा हर्णैच्या माणसाला पाऱ्याच्या आकड्याचा काही उपयोग नाही, त्याला वाऱ्याचा वेग हवा. एकाच तालुक्यात दोन हवामानं आणि दोन धंदे आहेत, ही साधी गोष्ट जिल्हा पानावर कुठेच दिसत नाही.

विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज आणि कोणत्या पिकाला काय करावं, हे त्यात मराठीत असतं. मोबाईलवर तो फिरतो हे खरं, पण आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बागायतदारांचा भरवसा अजून छापील कागदावर आहे, आणि फवारणीचा निर्णय घरात तेच घेतात. मुलगा मुंबईत, बाग म्हाताऱ्याच्या अंगावर, हे इथलं घरटी चित्र.

म्हणून विनंती अशी : निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दापोली आणि हर्णै या दोन्ही ठिकाणांचं किमान तापमान शेजारी-शेजारी छापावं, हर्णैपुढे वाऱ्याचा वेग द्यावा आणि बुधवार-शनिवारच्या अंकात त्या सल्ल्यातल्या आंबा-काजूच्या चार ओळी घ्याव्यात. जागेची अडचण असेल तर किनाऱ्यावरच्या पर्यटकांचा फोटो थोडा लहान करावा, आमची काही हरकत नाही.

आपला,
एक आंबा बागायतदार वाचक,
दापोली, जि. रत्नागिरी